तारेच्या खांबाला कान लावून

लहानपणी आम्ही रेल्वेरुळांच्या कडेने चालताना तारेच्या खांबाला कान लावत असू. आतून एक अखंड ‘गूंऽऽ’ असा आवाज यायचा. कधी खालच्या पट्टीत, कधी एकदम चढा. आमच्यातला एखादा थोराड मुलगा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, “ही तार चाललीय. कुणीतरी गेलं असणार.” मग आम्ही सगळे गप्प होऊन पुढच्या खांबापर्यंत पळायचो, तीच तार तिथेही ऐकू येते का ते बघायला.

त्या आवाजाचा संदेशाशी काही संबंध नसतो, हे फार उशिरा कळलं. ताणलेल्या तारेवरून वारा गेला की तारेच्या मागे हवेचे बारीक भोवरे सुटतात, एकदा वरून, एकदा खालून. त्यांच्या धक्क्यांनी तार कंप पावते आणि तो कंप खांबात उतरून मोठा होतो. तंबोऱ्याची तार छेडली की भोपळा बोलतो तसा. संदेश वाहून नेणारी वीज मात्र आपल्या कानाला पूर्ण मुकी असते. तरीही भारतातल्या तारायंत्राचा इतिहास जितका वाचत गेलो, तितकं मला वाटू लागलं की कान आम्ही योग्य जागी लावला होता. गव्हर्नर जनरल आणि संशोधक यांच्या गोष्टी सगळीकडे मिळतात. पण ही तार या देशात टिकली कशी, याचं उत्तर खांबापाशी आहे. तो कुठल्या लाकडाचा होता, कुठल्या मातीत उभा होता, तो उभा कुणी केला, या तपशिलात.

सुरुवात एका डॉक्टरपासून होते. विल्यम ब्रुक ओ’शॉनेसी हा आयर्लंडमधल्या लिमरिकचा माणूस. १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीचा सहायक शल्यविशारद म्हणून तो कलकत्त्याला आला आणि तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला. त्याआधीच, ऐन विशीत, पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासून त्याने दाखवलं होतं की रक्तातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे रोगी दगावतो, तेव्हा ते परत शरीरात घातले पाहिजेत. आज दवाखान्यात जे सलाईन लावतात, त्यामागचा हाच विचार. इथे आल्यावर त्याने गांजाच्या औषधी उपयोगाचा अभ्यास करून तो युरोपातल्या वैद्यकापर्यंत पोचवला. अशा माणसाला स्वस्थ बसवत नाही. १८३९ साली त्याने हुगळीच्या काठी, शिबपूरच्या वनस्पती उद्यानात, बांबू रोवून त्यांवर मैलोगणती लोखंडी तार येरझाऱ्या घालत फिरवली आणि तिच्यातून खुणा पाठवून दाखवल्या. नदीचं पाणीही विजेच्या परतीच्या वाटेला वापरता येईल का, हे त्याने तिथेच तपासलं. अमेरिकेतली सॅम्युएल मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार अजून पाच वर्षं दूर होती.

कंपनीने लक्ष दिलं नाही. दहा वर्षं तशीच गेली. १८४८ मध्ये डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आला, तेव्हा कुठे ओ’शॉनेसीला एक प्रायोगिक मार्ग टाकायची परवानगी मिळाली. कलकत्ता ते डायमंड हार्बर, सुमारे ३० मैल. काम १८५० च्या अखेरीस सुरू झालं आणि १८५१ मध्ये तार बोलू लागली. मार्ग नेमका हाच का, तर हुगळीच्या मुखाशी वाळूचे दांडे फार. जहाजं खाली अडकून भरतीची आणि वाटाड्यांची वाट बघत उभी राहत, आणि वर कलकत्त्यात व्यापारी आपला माल कधी येतो म्हणून डोळे लावून बसत. पहिली तार धावली ती जहाजांची खबर आणायला. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेशाच्या दुसऱ्या युद्धात रंगून पडल्याची बातमी जहाजाने नदीच्या मुखाशी आणली आणि तिथून ती तारेने कलकत्त्याला गेली. व्यापार आणि युद्ध. पुढची शंभर वर्षं या देशातलं तारांचं जाळं याच दोन दिशांनी पसरत गेलं. पोटापाण्यासाठी परगावी गेलेल्या माणसाच्या घरचा निरोप त्यात नंतर, उरलेल्या जागेत बसला.

आता त्या पहिल्या मार्गाकडे जरा जवळून बघू. ओ’शॉनेसीने युरोपातल्यासारखी बारीक तार वापरलीच नाही. त्याने करंगळीएवढ्या जाडीच्या लोखंडी सळया घेतल्या आणि टोकाला टोक जोडून त्यांची लांब ओळ केली. जिथे सळई जमिनीखालून न्यायची होती, तिथे तिच्यावर वितळलेल्या डांबरात भिजवलेलं मद्रासी कापड दोन थरांत गुंडाळलं, खाली घराच्या छपरावरची साधी कौलं पन्हाळासारखी ओळीने मांडली, सळई त्यांत ठेवली आणि वरून वाळू आणि राळ यांचं गरम मिश्रण ओतलं. लाखो रुपयांचं आयात सामान यात कुठे नाही. जवळच्या बाजारात, कुंभाराकडे जे मिळालं त्यातून हा मार्ग उभा राहिला. जमिनीवरून गेलेल्या भागाला बांबू होतेच.

जाड सळईमागे हिशेब होता. तार म्हटली की तिच्यावर घारी-गिधाडं बसणार आणि माकडांच्या टोळ्या झोके घेणार. बारीक तार एवढ्या ओझ्याने तुटली असती, जाड सळई टिकली. खांब पडला आणि सळईवरून बैलगाडी गेली तरी तिला काही होत नसे. आणि सगळ्यात मोठं कारण पावसाचं. तारेतली वीज खांबातून जमिनीत झिरपू नये म्हणून तार आणि खांब यांच्यामध्ये चिनी मातीसारखा वीज न वाहणारा पदार्थ ठेवतात. पहिल्या मार्गावर हे रोधक जवळजवळ नव्हतेच. ओल्या बांबूतून थोडी-थोडी वीज प्रत्येक खांबापाशी गळणार, हे धरूनच चालायचं होतं. ज्या नळाला जागोजाग गळती आहे, त्यातून शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचवायचं तर नळ रुंद हवा. जाड सळईत विजेला होणारा अडथळा कमी, म्हणून गळती होऊनही पलीकडच्या टोकाला सुई हलवण्याइतका प्रवाह उरत असे. बंगालच्या पावसाळ्यात ही तार चालली ती या साध्या युक्तीमुळे.

परतीसाठी दुसरी तार लागत नाही, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. वीज वाहायला मंडल पूर्ण व्हावं लागतं, जायला वाट हवी तशी यायलाही हवी. पण दोन्ही टोकांना तांब्याचा पत्रा ओलसर जमिनीत पुरला की परतीची वाट धरणीच होते. आग्र्याहून मुंबईला एकच तार गेली असं आपण म्हणतो, तेव्हा दुसरी अर्धी तार ही मधली सगळी जमीन असते. माळव्याची काळी माती आणि खानदेशही त्यात आला.

डायमंड हार्बरच्या मार्गावर यंत्रापाशी बसलेल्या माणसाचं नाव शिवचंद्र नंदी. कलकत्त्याच्या टांकसाळीत ओ’शॉनेसीच्या हाताखाली काम करणारा हा बंगाली तरुण. इंग्रजी शिक्षणाचा मोठा डौल त्याच्याकडे नव्हता, पण हाताला काम समजत होतं. पुढे तो खात्यात निरीक्षक झाला आणि त्याने शेकडो मैलांच्या तारा टाकल्या. खांबांसाठी महागडं सामान मिळेना तेव्हा त्याने ताडाची खोडं उभी केली. पद्मा नदीच्या पात्रात सुमारे ७ मैल लांबीची केबल टाकायची वेळ आली. त्यासाठी जहाज भाड्याने घेणं खात्याला परवडेना. नंदीने कोळ्यांच्या होड्या जमवल्या, आणि त्या होड्यांतून केबल सोडत पलीकडचा तीर गाठला. पद्मा ज्याने पाहिली असेल, त्याला हे वाक्य वाचून क्षणभर थांबावंसं वाटेल. पलीकडचा काठ दिसत नाही असं ते पाणी, त्याला ओढ केवढी, आणि त्यावर हेलकावे खाणाऱ्या होड्यांतून हातोहात सुटणारी जड, डांबरट केबल. पुढे सरकारने त्याला रायबहादूर केलं. त्या कोळ्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत.

प्रयोग पटल्यावर डलहौसीने घाई केली. नोव्हेंबर १८५३ मध्ये कलकत्त्याहून आग्र्याकडे काम सुरू झालं आणि २४ मार्च १८५४ ला त्या ८०० मैलांवरून संदेश गेला. म्हणजे पाच महिनेसुद्धा लागले नाहीत. आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूर करत तार मुंबईला उतरली, आणि मुंबईहून दख्खन ओलांडून मद्रासला गेली. १ फेब्रुवारी १८५५ पासून कुणीही पैसे भरून तार करावी अशी सोय झाली. खांब जागेनुसार बदलत गेले. वाळवी साधं लाकूड एका पावसाळ्यात पोखरून टाकते, म्हणून कुठे साग, कुठे ब्रह्मदेशातल्या आराकानचं लोखंडासारखं कठीण लाकूड, आणि दक्षिणेत तर चक्क ग्रॅनाइटचे चिरे उभे केले गेले. देवळाचे खांब घडवणाऱ्या हातांनीच बहुधा ते चिरे फोडले असावेत, असं मला आपलं वाटतं.

मुंबईच्या पेढ्यांना या तारेची किंमत लगेच कळली. माळव्याची अफू आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस यांचे भाव ज्याला आधी कळतील तो जिंकला. टपाल दिवसच्या दिवस घेई, तार तासांत काम करी. १८६६ मध्ये रॉयटरने मुंबईत आपलं कार्यालय थाटलं, तेव्हा बातमी हासुद्धा एक माल झाला, दररोज उतरणारा आणि दररोज शिळा होणारा.

मधेच १८५७ आलं. १० मेच्या रविवारी दिल्लीच्या तारघराचा मेरठशी संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला प्रमुख चार्ल्स टॉड बिघाड शोधायला बाहेर पडला तो परत आलाच नाही. मागे राहिलेल्या ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोन पोरसवदा सिग्नलरांनी अंबाल्याला खबर दिली आणि ते पळाले. अंबाल्याहून ती लाहोरला आणि पुढे पेशावरला गेली. बातमी शिपायांच्या आधी पोचल्यामुळे १३ मेला लाहोरच्या छावणीतल्या देशी पलटणींची हत्यारं काढून घेता आली. उठाव करणाऱ्यांनाही तारेचं मर्म नेमकं कळलेलं होतं. त्यांनी शेकडो मैलांची तार उखडली, आणि तिच्या सळयांचे तुकडे करून बंदुकीत गोळ्यांऐवजी भरले. पक्षी आणि माकडं यांच्यापासून तार वाचावी म्हणून निवडलेलं ते जाड लोखंड असं तार टाकणाऱ्यांवरच परतलं. सरकार हे विसरलं नाही. १८८५ च्या भारतीय तार कायद्यात सार्वजनिक आणीबाणीच्या वेळी संदेश अडवण्याचा, तपासण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला. तारा गेल्या, पण हे पाचवं कलम राहिलं. परवा-परवापर्यंत फोन टॅप करण्याचे आणि एखाद्या जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवण्याचे आदेश त्याच्याच आधाराने निघत होते. तो कायदा बदलायला २०२३ साल उजाडावं लागलं.

सुरुवातीला संदेश डोळ्यांनी वाचत. तारेतून वीज आली की सुई डावीकडे किंवा उजवीकडे झुकायची, आणि त्यांच्या क्रमावरून अक्षर ठरायचं. १८५७ च्या सुमाराला मोर्सची यंत्रं आली आणि वाचायचं काम हळूहळू कानाकडे गेलं. यंत्र म्हणजे काय, तर लोखंडाच्या गाभ्यावर गुंडाळलेली तार, तिच्यावर तोललेली एक पितळी दांडी. वीज आली की गाभा चुंबक होतो आणि दांडी खाली आपटते; वीज थांबली की स्प्रिंग तिला वर खेचते आणि ती वरच्या खिट्टीवर आपटते. खालचा आवाज आणि वरचा आवाज यांच्यामधलं अंतर थोडं असेल तर टिंब, जास्त असेल तर रेघ. तारघराच्या खिडकीतून ऐकू येणारं ते ‘कट्ट कडकट्ट’ बाहेरच्याला सगळं सारखंच वाटे. आत बसलेल्या तारमास्तरला मात्र त्यातून शब्द ऐकू येत. पलीकडे कोण बसलंय, हेही त्याला हाताच्या लकबीवरून ओळखता येई, जसं आपण चालण्याच्या आवाजावरून घरातलं माणूस ओळखतो. १९०८ मध्ये याच तारमास्तरांनी कामाच्या पाळ्यांवरून देशभर संप केला, तेव्हा शहराशहरांत एकजूट बांधायला त्यांच्या हाताशी तेच यंत्र होतं.

समुद्रापलीकडे जायला आणखी काही वर्षं लागली. १८६४ मध्ये इराणच्या आखातात केबल पडली आणि १८६५ पासून कराचीहून तुर्कस्तानमार्गे लंडनला तार जाऊ लागली. पण वाटेत इतके हात लागत, इतक्या भाषांतले कारकून ती उतरवून पुढे पाठवत, की पोचेपर्यंत दिवस जात आणि मजकुराचा चोथा होई. म्हणून थेट समुद्रातून वाट काढली गेली. त्या काळातलं सर्वांत मोठं जहाज ‘ग्रेट ईस्टर्न’ १८७० च्या सुरुवातीला मुंबईच्या बंदरात येऊन उभं राहिलं आणि एडनपर्यंत केबल टाकत गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई आणि इंग्लंड समुद्राखालून जोडले गेले. केबलमधल्या तांब्याला गटापर्चाचं आवरण होतं. मलायातल्या एका झाडाचा हा चीक समुद्राच्या थंड पाण्यात कुजत नाही, उलट अधिक टिकाऊ होतो. त्या एका गुणासाठी तिथली रानंच्या रानं तोडली गेली.

तारेने आणखी एक गोष्ट बदलली, आणि मुंबईकरांना ती फार झोंबली: घड्याळ. प्रत्येक गावाची वेळ तिथल्या सूर्यावर चाले, तेव्हा कुणाचं काही अडत नव्हतं. पण संदेश क्षणात पोचू लागल्यावर ‘किती वाजता पाठवला’ याला देशभर एकच उत्तर हवं झालं. मद्रासला वेधशाळा होती, तिथून तारेने रोज वेळ कळवता येई, म्हणून तारखात्याने आणि मग रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनने मुंबईतही सरकारी घड्याळं मद्रासवर लावली, तेव्हा शहर इतकं चिडलं की १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिका ३९ मिनिटं मागे असलेला आपला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत धरून बसली. आपल्या डोक्यावरचा सूर्य परक्या गावाच्या तारेने का ठरवावा, हा त्यांचा प्रश्न मला हट्टाचा वाटत नाही.

टेलिफोनची गोष्ट निराळ्या चालीची. तार सरकारने स्वतः टाकली. टेलिफोनसाठी मात्र खाजगी कंपन्यांनी परवानगी मागितली तेव्हा आधी नकार मिळाला आणि नंतर १८८१ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना. २८ जानेवारी १८८२ ला कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथली एक्सचेंज सुरू झाल्याचं जाहीर झालं. कलकत्त्याच्या मुख्य एक्सचेंजला तेव्हा ९३ वर्गणीदार होते. एवढ्या मोठ्या शहरात ९३ घंट्या! फोनचा विस्तार फार सावकाश झाला, आणि त्याला एक शास्त्रीय कारणही होतं. तारायंत्राला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच पोचवायचं असतं. प्रवाह क्षीण झाला तरी वाटेत रिले बसवून त्याला नवा जोर देता येतो. आवाजात मात्र सेकंदाला शेकडो-हजारो चढउतार असतात, आणि लांबच्या तारेत ते एकमेकांत मिसळून गढूळ होतात. त्यातून शेजारच्या तारेतलं बोलणं आपल्या तारेत उतरे. म्हणून फोन बराच काळ शहराच्या वेशीत राहिला, पेढ्या, गिरण्या, बंगले आणि कचेऱ्या यांच्यात. १९४७ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अख्ख्या देशात सुमारे ८० हजार फोन होते. म्हणजे जवळपास चार हजार माणसांमागे एक.

बिनतारी हा शब्द मराठीने फार नेटका घडवला आहे. नसलेल्या तारेवरून नाव! त्यातलं मूळ काम इथेच झालं होतं. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात भिंतीपलीकडे विद्युतचुंबकीय लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. पण प्रत्यक्ष संदेश पाठवण्याची बिनतारी सोय १९०२ मध्ये झाली ती पुन्हा हुगळीच्याच मुखाशी, सागर बेट आणि वाळूच्या दांड्यांपाशी उभ्या वाटाड्या जहाजांच्या दरम्यान. पन्नास वर्षांपूर्वी ज्या गरजेने तार जन्मली, त्याच गरजेने तिच्याशिवाय चालणारी विद्याही आली. नंतर ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याहून अंदमानशी संपर्क झाला. जिथे तार नेणं अशक्य, तिथे बिनतारी.

आणि मग ही गोष्ट आपल्या अंगणात येते. २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय आयर्विनने मुंबईच्या नभोवाणी केंद्राचं उद्घाटन केलं, आणि त्याच दिवशी इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवाही सुरू झाली. तिचं प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला. दोन्ही मुद्दाम लांब ठेवलेली होती. आपलाच जोरदार प्रक्षेपक शेजारी गरजत असेल, तर हजारो मैलांवरून येणारी कुजबुज कशी ऐकू येणार? मार्कोनीची ही ‘बीम’ पद्धत लघुलहरींवर चाले. अनेक एरियलांची रांग आणि तिच्या मागे परावर्तक तारांची दुसरी रांग, अशी रचना केली की लहरी चहूकडे न पसरता विजेरीच्या झोतासारख्या एका दिशेला जातात. वर वातावरणाच्या विद्युतभारित थरावर आपटून त्या पुन्हा खाली वळतात, आणि असे टप्पे घेत पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून पलीकडे पोचतात. समुद्रतळाच्या केबलपेक्षा हे इतकं स्वस्त पडलं की केबल कंपन्यांचा धंदा बसू लागला, आणि काही वर्षांतच केबल आणि बिनतारी यांना एकाच कंपनीत आणावं लागलं.

दौंडचं ते माळरान डोळ्यासमोर आणतो. भीमेकाठचा सपाट, कोरडा मुलूख. उंच डोलारे, त्यांच्यावरून लोंबणाऱ्या तारांचे पडदे, आणि लिंकनशायरच्या किनाऱ्यावरून निघालेली लहर त्यांवर येऊन टेकते आहे. हजारो मैलांत तिला खांब लागला नाही, तार लागली नाही. पण ती वाचायची असे मुंबईच्या कार्यालयात. तेव्हा दौंडला उतरलेला प्रत्येक संदेश साध्या जमिनीवरच्या तारेत घातला जाई, आणि तिथून पुण्यावरून, बोरघाट उतरून, वाऱ्यावर गुंजणाऱ्या खांबांवरून तो मुंबईला जाई.